मंगळवारचं विमान

यवतमाळच्या बसस्थानकावर देवराव तीस वर्षं गाड्या सोडणारे कंट्रोलर होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी रस्त्यात कोणी भेटलं की रामराम राहायचा बाजूला, आधी विचारणा, "देवरावभाऊ, मुकुटबनची गाडी किती वाजता हाये?" देवराव घड्याळ न पाहता सांगायचे. थेट गाडी नसली तर कुठे उतरून कोणती धरायची, तेही सांगायचे. त्यांची आणखी एक खोड सगळ्या डेपोला ठाऊक होती. धावत येणारं कोणी दिसलं की केबिनच्या खिडकीतून मान काढून ते ड्रायव्हरला ओरडायचे, "थांब गा, दोन सवाऱ्या येऊन राह्यल्या!" ड्रायव्हर कुरकुर करायचे, पण थांबायचे.

त्यांची मुलगी उर्वशी लहानपणी शाळा सुटली की त्याच केबिनमध्ये बसून गृहपाठ करायची. आता ती व्हिएन्नात मातीवर पीएचडी करत होती. दिवाळीनंतर तिचा फोन आला.

"जयभीम बाबा. माही शेवटची तोंडी परीक्षा हाये. जानेवारी-फेब्रुवारीतला कोनताबी दिवस घे म्हनते सर. इथं परीक्षा सगळ्यायसमोर होते, घरची मानसं येऊन बसतात." मग जरा थांबून म्हणाली, "तुमी नाही आले तरी चालते."

ते 'चालते' देवरावांना टोचलं. उर्वशीची आई कौसल्याबाई तर सरळच म्हणाल्या, "पोरगी एकटी उभी राहीन का तिथं? सगळ्यायचे मायबाप येतीन, अन् तिचं कोनीच नाही?"

जायचं ठरलं. पण युरोपची तिकिटं काढून देणाऱ्या माणसानं भाडं सांगितलं, तेव्हा देवरावांनी पुढ्यातला चहाही न पिता काढता पाय घेतला. घरी येऊन त्यांनी मोबाईलवर स्वतःच शोधायला घेतलं आणि थक्क झाले. एसटीत खिडकीजवळ बसा की मागच्या चाकावर बसा, भाडं एकच. इथं तेच विमान, तीच खुर्ची, आणि शनिवारी एक भाव, मंगळवारी दुसरा! मे महिन्यात आभाळाला भिडलेलं भाडं फेब्रुवारीत निम्म्यावर येत होतं.

"अवो, हे त आपल्या डेपोवानीच हाये," ते कौसल्याबाईंना म्हणाले. "तिकडं थंडी, म्हनून फिराले कोनी जात नाही. गाड्या रिकाम्या धावून राह्यल्या. आपल्याले कुठं फिरा लागते? आपल्याले पोरगी पाहा लागते."

तेव्हापासून रोज सकाळी चष्मा लावून त्यांचा अभ्यास सुरू झाला. हजारो विमानं, शेकडो गावं, आणि सगळ्यांच्या वेळा एकमेकांत गुंफलेल्या. हे सगळं कोण लावत असेल, या विचारानं ते हात जोडायचेच बाकी राहायचे. महिनाभरानं त्यांना हवी ती गाडी सापडली. फेब्रुवारीतला दुसरा मंगळवार. नागपूरहून विमान, मधे आखातात दुसरं, संध्याकाळी व्हिएन्ना.

त्यांनी लगेच फोन लावला. "उर्वशे, तुह्या परीक्षेची तारीख लिहून घे. बुधवार, सकाळी दहा."

"बाबा, माही तारीख तुमी ठरवून राह्यले?"

"म्या नाही बाई, भाड्यानं ठरवली."

आणि खरंच, परीक्षा घेणाऱ्या पाच प्राध्यापकांनी तोच बुधवार मोकळा ठेवला. हे ऐकताच देवरावांनी तिकिटं काढून टाकली.

फक्त एक खोट होती. मधल्या विमानतळावर हाताशी पन्नासच मिनिटं होती.

"बाबा, पुढचं विमान चुकलं त?" उर्वशीनं विचारलं.

"काहून चुकन? मांगची गाडी लेट झाली त पुढची थांबते. तिथंबी कोनी कंट्रोलर असनच ना!"



नागपूर सुटलं. कौसल्याबाईंनी आयुष्यभर खालून पाहिलेले ढग वरून पाहिले आणि पदर तोंडाशी धरला. पण विमान पोहोचलं अर्धा तास उशिरा. दोघं धापा टाकत दाराशी आली तर दार बंद. काचेपलीकडे त्यांचं विमान हळूहळू मागे सरकत होतं. देवरावांचा हात सवयीनं वर गेला. विमान थांबलं नाही. एवढी वर्षं गाड्या सोडल्या, पण आज प्रथमच त्यांना कळलं, सुटलेल्या गाडीकडे सवारी कशी पाहते.

पुढचं विमान मिळालं, पण ते बुधवारी सकाळी नऊला उतरणारं. उर्वशीला तेवढा निरोप पाठवून दोघं बाकावर बसून राहिली. "स्वस्ताच्या नादात पोरीचा दिवस घालवला म्या," देवराव म्हणाले. कौसल्याबाईंनी फक्त त्यांचा हात हातात घेतला.

व्हिएन्नात पासपोर्टची रांग हलता हलेना. उर्वशीसोबत राहणारी आभा बाहेर गाडी घेऊन उभी होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बर्फ पडलेला, पण देवरावांचं लक्ष फक्त गाडीतल्या घड्याळाकडे. विद्यापीठाच्या दाराशी पोहोचले तेव्हा अकरा वाजून गेले होते.

"झालं असन आता," ते म्हणाले. "मांगं उभं राहू." आणि त्यांनी ते जड दार ढकललं.

उंच छताचं सभागृह भरलेलं होतं, पण कोणी बोलत नव्हतं. पाच प्राध्यापक खुर्च्यांत शांत बसले होते. समोर उर्वशी उभी होती, आणि तिच्यामागच्या पडद्यावर अजून पहिलंच पान होतं.

"तासभर सगळे थांबलेत," दाराजवळच्या एकाला विचारून आभा कुजबुजली. "तिनं विनंती केली, माझे आईबाबा वाटेवर आहेत म्हणून."

पाचांतले सगळ्यांत म्हातारे प्राध्यापक उठले आणि पहिल्या रांगेतल्या दोन रिकाम्या खुर्च्यांकडे त्यांनी हात केला. पायांत लोकरी मोजे आणि वर नऊवारी अशा कौसल्याबाई आणि त्यांच्यामागे देवराव, एवढ्या मोठ्या माणसांच्या नजरेसमोरून चालत गेले.

दोघं बसल्यावर उर्वशी भर सभेत, डोळे पुसत, खणखणीत वऱ्हाडीत म्हणाली, "आल्या माह्या दोन सवाऱ्या. सोडू का गाडी, कंट्रोलरसाहेब?"

 देवरावांनी नुसता उजवा हात पुढे हलवला. जाऊ दे गाडी.