भाऊजींचा रिलीव्हर

माझ्या भाऊजींना, मारोतरावांना, बसलेलं मी क्वचितच पाहिलं. भिलाईच्या प्लांटमध्ये रोलिंग मिलवर जन्म गेला आणि रिटायर झाल्यावरही पायांची भिंगरी काही थांबली नाही. नेहरू नगरातल्या घरात ते चहासुद्धा उभ्यानं पितात. गेटपर्यंत जातात, परत येतात, नळ टपकतोय का बघतात, पुन्हा गेटवर. बघणाराच दमून जातो. अभिमान एकाच गोष्टीचा: रिलीव्हर आल्याशिवाय त्यांनी कधी जागा सोडली नाही. पुढच्या शिफ्टचा माणूस समोर येऊन उभा राहीपर्यंत हलायचं नाही, हा मिलचा धर्म.

"आमच्या ताईजवळ कधी इतकं थांबलात का?" मी मेहुणीच्या हक्कानं टोमणा मारायचे. ते हसायचे आणि गेटवर जायचे.

शैलाताईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी नागपूरहून आले, तेव्हा तिच्यासाठी एक कथासंग्रह आणला. सगळ्या कथा जादूच्या लेखण्यांच्या. खोटं लिहिलं की शाई आटणारं हेडमास्तरांचं पेन, ज्याच्या हाती जाईल त्याचं लहानपणचं अक्षर काढणारी पेन्सिल. ताई एका डोळ्यावर हात ठेवून वाचायची आणि एकटीच हसायची.

"हर्षा, हे पेन शेजारच्या भय्याजीले द्याले पाहिजे. एका दिवसात शाई खतम."

शेवटची कथा मात्र अर्धी राहिली. बाजारात पत्रं लिहून देणाऱ्या म्हाताऱ्याकडे एक टाक होता. सांगणारा काहीही सांगो, तो टाक मनातलंच लिहायचा. परगावी गेलेल्या नवऱ्याला पत्र लिहून घ्यायला एक बाई आली. 'सगळं बरं आहे, पैसे पाठवा,' एवढंच सांगितलं तिनं. टाक कागदावर टेकला आणि इकडे दवाखान्यात न्यायला ऑटो दारात आला.

ऑपरेशन छान झालं. पण काही दिवस वाचायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मी पुस्तक उघडलं, तर ताई म्हणाली, "तू नको. यायले वाचू दे. जिंदगीभर शिफ्टा केल्या, माझ्यापाशी एक कथा होईपर्यंत तं बसतीन."

भाऊजी पुस्तक घेऊन गेटवर गेले. थोड्याच वेळात परत आले आणि पलंगाशी उभे राहून, मिलमध्ये शिफ्टचा चार्ज देतात तसे बोलले, "बाईनं पत्र लिहून घेतलं. नवऱ्याले भेटलं. तो घरी आला. बाकी सब ठीक."

पुस्तक मिटलंसुद्धा.

मला हसू फुटणार होतं, पण ताईचा चेहरा पाहिला आणि ते विरलं.

"टाकानं काय लिहिलं?" तिनं विचारलं.

"पत्रच होतं काहीतरी. तेवढं सोडलं म्या."

"तेच तं पाहिजे होतं मले," ती म्हणाली आणि तोंड फिरवलं.

आता मात्र मी चिडले. "भाऊजी, कथेचा चार्ज द्यायचा नसतो. खुर्ची घ्या."

ते बसले, तेही खुर्चीच्या काठावर. एक पाय सारखा हलत होता. सेफ्टीची नोटीस वाचावी तसं वाचत होते. मला ते ऐकवेना. चहा ठेवायला मी आत गेले. चहा झाल्यावर आपणच पुढचं वाचावं, बिचाऱ्यांना सोडवावं, असं ठरवून कप घेऊन आले, तेव्हा ते पत्रापर्यंत पोचले होते.

"पैसे नकोत. तुम्ही या. आणि आलात की लगेच उठू नका."

ते थांबले. पायही थांबला. तीच ओळ त्यांनी पुन्हा वाचली, हळू. काळा चष्मा लावून पडलेल्या ताईचा हात पलंगाच्या कडेला, त्यांच्या गुडघ्याजवळ आला होता.

तेवढ्यात गेटवर स्कूटर वाजली. रोजच्या फिरण्याचे सोबती, कॅम्प-1 वस्तीतले देवराव.

"मारोतराव, चलता न? कावून उशीर करून राहिले?"

भाऊजींनी पुस्तकातून मान वर केली नाही.

"आज नाई जमत, देवराव. रिलीव्हर नाई आला."

मी त्यांच्यासमोर दारातच उभी होते. कप घेऊन तशीच आत गेले.