पाकिटातला आकडा

“हात काढायचा नाही,” असं म्हणत त्यांनी माझं मनगट धरलं आणि बर्फाच्या पाण्यात दाबलं. समोर पन्नासेक अधिकारी बसले होते. कुणीही उठलं नाही.

आमच्या संस्थेत लष्करी कैद्यांच्या चौकशीवर प्रशिक्षण होतं. वेदनेत स्मृती कशी वागते, हा माझ्या पीएच.डी.चा विषय. म्हणून मला दहा मिनिटं मिळाली होती. मी एवढंच मांडत होते: त्रास दिला की माणूस बोलतो; पण तो खरं शोधत नाही, त्रास थांबवणारं उत्तर शोधतो.

प्रमुख पाहुणे निवृत्त कर्नल होते. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

“नाव?”

सांगितलं.

“पूर्ण. आडनावासकट.”

सांगितलं.

“राहता कुठं?”

“मुकुंदवाडीत.”

“तरीच,” ते सभागृहाकडे वळले. “शिष्यवृत्त्या देऊन शिकवायचं आपण, आणि यांना पुळका कैद्यांचा.”

हशा झाला. पहिल्या रांगेत माझे मार्गदर्शकही हसले. मोठ्याने नाही. पण हसले.

माझ्या प्रयोगात स्वयंसेवक बर्फाच्या पाण्यात हात ठेवतो; दाखवायला मी ते भांडं आणलंच होतं. मग कर्नलांनी तो प्रयोग माझ्यावरच करायचं ठरवलं. मी दोन अंकी आकडा लिहून पाकिटात बंद करायचा, आणि ते तो माझ्याकडून काढून घेणार. मी हो म्हणाले. मला माझ्या निष्कर्षाची खात्री होती, आणि त्या हशाला उत्तर द्यायचं होतं. आमच्या प्रयोगशाळेत स्वयंसेवकाला आधी एक वाक्य सांगावंच लागतं: हात केव्हाही काढता येईल. त्याशिवाय घड्याळ सुरू होत नाही. कर्नलांनी ते सांगितलं नाही. मीही आठवण करून दिली नाही.

आधी बोटं जळतात. मग दुखणं हाडात शिरतं. मी हात ओढला, तेव्हा त्यांनी मनगट धरलं.

“चाळीसच्या वर आहे ना? सत्तेचाळीस? बोला, सत्तेचाळीसच ना?”

“हो,” मी म्हणाले.

टाळ्या पडल्या.

“बघितलंत? दीड मिनिट.”

नंतर पाकीट उघडलं. त्र्याऐंशी. टाळ्या थांबल्या. संचालकांनी जेवण तयार असल्याचं जाहीर केलं.

मी ताट घेऊन खिडकीशी उभी राहिले. उजव्या हाताने घास उचलेना, डाव्याने जेवले. माझ्या शेजारच्या टेबलावर रोज काम करणारी नाझनीन समोरच होती. तिने मान खाली घातली. मार्गदर्शक तेवढे जवळ आले.

“आजच्या प्रशिक्षणाचा अहवाल तूच लिहितेयस ना? ‘सहभागीने दीड मिनिटात उत्तर दिले,’ असं लिही. यात खोटं काय आहे?”

“उत्तर चूक होतं, सर.”

“पाहुणे आहेत ते. आणि प्रबंधावर सही माझी लागते.”

घरी आईने मनगटावरचे वळ पाहिले. “कुणी धरलं व्हतं गं?”

“काही नाय. प्रयोग होता.”

तिने पुन्हा विचारू नये म्हणून दिलेलं उत्तर. त्या दिवसातलं माझं दुसरं खोटं.

पुढचे काही दिवस मी एकाच गोष्टीला धरून राहिले: मी बरोबर ठरले होते. मग एका सकाळी अहवाल लिहिताना मनात आलं, मी त्र्याऐंशी म्हणाले असते तर? तर माझं मनगट दाबणं योग्य ठरलं असतं? माझ्या सगळ्या मांडणीत या प्रश्नाला जागाच नव्हती. कैद्याच्या बाजूने मी एवढंच म्हणत आले होते, की त्याला छळून उपयोग नाही. उपयोग झाला असता, तर माझ्याकडे बोलायला काही उरलं नसतं. आणि त्या सभागृहात आकडा हवा होता कुणाला? टाळ्या पाकीट उघडण्याआधीच पडल्या होत्या.

मी लिहिलं: उत्तर चूक. ते प्रश्नकर्त्याने सुचवलेले. सहभागीला हात काढू दिला नाही. आणि शेवटी: ‘उत्तर बरोबर असते, तरीही हे कृत्य गैरच ठरले असते.’

मार्गदर्शकांनी त्या वाक्यावर पेन ठेवला. “याला पुरावा काय?”

“याला पुरावा लागत नाही, सर.”

सही झालेली नाही. प्रबंध पडून आहे. प्रयोगशाळेत मी गेले की बोलणी थांबतात. दर सोमवारी सर मला एकच विचारतात, वाक्य काढलं का. दर सोमवारी मी नाही म्हणते. पुढच्या सोमवारीही नाहीच म्हणेन.