आतोबांचा शेवटचा धप्पा

आमच्या आतोबांना भेटायला म्हातारपण पुष्कळदा आलं असेल, पण आतोबा घरी सापडतील तर शपथ! आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन जमाना झाला, तरी हा माणूस रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट, डोळ्यांवर गॉगल आणि कानात अत्तराचा फाया अशा थाटात बाहेर पडायचा. "कुठे निघालात?" असं आत्याने विचारलं की उत्तर ठरलेलं, "बघून येतो, गावात काय चाललंय!" गावात काही चाललेलं नसलं तर ते स्वतःच काहीतरी सुरू करायचे. वाढदिवस वर्षातून दोनदा व्हायचा, तारखेला केक आणि तिथीला पुरणपोळी. दोन्ही वेळा ओवाळून घ्यायला बसताना चेहरा मात्र असा संकोचलेला, जणू आम्हीच बळजबरीने त्यांना पाटावर बसवलंय.

ढोल ऐकला की त्यांच्या पायांवर त्यांची सत्ता उरत नसे. एकदा सायखेड्याला एका जुन्या सहकाऱ्याकडे निघाले होते, वाटेत कुणाची तरी वरात लागली. आतोबा तिच्यात शिरले ते थेट मांडवापर्यंत नाचत गेले. मुलीच्या वडिलांनी त्यांना नवऱ्याकडचं वडीलधारं माणूस समजून मानाची टोपी घातली, तेव्हा आतोबा प्रामाणिकपणे म्हणाले, "अहो, मी ना मुलाकडचा, ना मुलीकडचा. मी ढोलाकडचा!" तो गृहस्थ पोट धरून हसला. "लय भारी नाचले बाबा तुम्ही! आता जेवल्याबिगर जायचं नाय," म्हणाला. पुढे त्या जोडप्याच्या मुलीच्या बारशाचं आतोबांना रीतसर आमंत्रण आलं आणि ते आत्याला घेऊन गेलेसुद्धा. सहकाऱ्याकडे जायचं मात्र राहूनच गेलं.

पण आतोबांचा खरा सण रंगपंचमी. जुन्या नाशकातली रहाड ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो, रहाड म्हणजे भर चौकात जमिनीखाली दडलेला दगडी हौद. वर्षभर तो फळ्या आणि माती टाकून बुजवलेला असतो, वरून खुशाल गाड्या जातात. रंगपंचमीला तो उघडतात, फुलं उकळून केलेला रंग पाण्यात ओततात, पूजा होते आणि मग माणसं काठावरून त्यात अंग झोकून देतात. त्याला म्हणायचं धप्पा. आतोबांचं या विषयात पक्कं मत होतं. "सूर मारतो तो पोहणारा. धप्पा बैठक मारून घ्यायचा. समोरच्या गच्चीवरच्या बाया मागे सरकल्या नाहीत तर तो धप्पा कसला!" त्यांनी काठावर पाऊल ठेवलं की त्या बाया आधीच मागे सरकायच्या.

मागच्या वर्षी मात्र त्यांच्या हृदयाने कुरकुर केली. डॉक्टरांनी दुरुस्ती केली आणि उड्याबिड्या बंद म्हणून सांगितलं. "डॉक्टर, तुम्ही मूळचे कुठले?" आतोबांनी विचारलं. "धुळ्याचा." "मग तुम्हाला काय सांगायचं!" असं म्हणून ते जे गप्प झाले ते झालेच. गॉगल कपाटात गेला, अत्तर बंद झालं. दिवसभर खिडकीशी बसून राहायचे. मला त्यांच्या हृदयापेक्षा त्या गप्प बसण्याचीच धास्ती वाटायला लागली.

यंदाच्या रंगपंचमीला पहारा द्यायला म्हणून त्यांचा मुलगा पुण्याहून मुद्दाम आला. फक्त बघायला जायचं, या अटीवर आम्ही निघालो. आत्याने त्यांचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. चौकात ढोल घुमत होते. "काका, या की! तुमच्याबिगर मजा नाय!" रहाडीतली पोरं ओरडली. आतोबा काठापर्यंत गेले आणि थांबले. केशरी पाण्याकडे बघत राहिले. पुढे टाकलेलं पाऊल त्यांनी मागे घेतलं. जन्मात पहिल्यांदा मी त्यांना घाबरलेलं बघत होतो, आणि मला ते बघवेना.

"आता नाही गं जमणार," ते हळूच म्हणाले.

आत्याने त्यांचं मनगट सोडलं. त्यांचं घड्याळ काढून आपल्या पर्समध्ये टाकलं. "अहो, मारा आता! असलं तोंड करून घरी आलेला माणूस मला नकोय."

"आई!" मुलगा किंचाळला, पण तोवर आतोबा हवेत होते. असा धप्पा मी आयुष्यात पाहिला नाही! मुलगा पांढऱ्याशुभ्र शर्टासकट नखशिखांत केशरी झाला, ढोलवाले क्षणभर वाजवायचे थांबले आणि मग सगळ्या चौकाने आरोळी ठोकली. आतोबांचं डोकं वर आलं. "कुठपर्यंत उडालं गं?" निथळणारी आत्या ओरडली, "माझ्या अंबाड्यापर्यंत!" पोरांनी त्यांना खांद्यावर घेऊन मिरवलं. आत्या पुढे, गालातल्या गालात हसत.

पाडव्याला आतोबांनी स्वतः गुढी उभारली, श्रीखंडावर ताव मारला, दुपारी आडवे झाले आणि उठलेच नाहीत. त्याचा धप्प्याशी काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी आपणहून सांगितलं. आत्याने ते विचारलंच नव्हतं.

शेवटची आंघोळ घालताना कानांमागे आणि नखांत थोडा केशरी रंग दिसला. मुलगा साबण लावून तो घासायला लागला. इतका वेळ भिंतीला टेकून बसलेली आत्या उठली आणि तिने त्याचा हात धरला.

"राहू दे रे. यंदाचा आहे तो."