आमच्या साडूंनी न घेतलेल्या गाड्या

अख्ख्या नगर जिल्ह्यात जुन्या गाडीची पारख आमच्या साडूंइतकी कुणालाच नव्हती, आणि पारख करून रिकाम्या हाताने परत येणंही त्यांच्याइतकं कुणाला साधलं नाही. माझ्या बायकोची थोरली बहीण त्यांना दिलेली. म्हणजे नात्याने ते मला वडीलधारे, धंद्याने दातांचे डॉक्टर आणि वेडाने एका गाडीचे. एकाच. दुसऱ्या महायुद्धानंतर विलायतेत निघालेली, लांब नाकाची, उघड्या टपाची, जेमतेम दोन माणसं मावणारी, शर्यतीच्या जातीची ती गाडी. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. नाव उच्चारलं की किंमत वाढते असं साडूंचं ठाम मत होतं, आणि ते आता नसले तरी त्यांचं एखादं मत मी पाळावं असं मला वाटतं.

नगरला असली गाडी कुठून येणार, असं परगावच्या माणसाला वाटेल. पण इथे लष्कराची छावणी. साहेबलोक हौसेने गाडी आणत, बदली झाली की एखाद्या बागायतदाराच्या गळ्यात घालून जात. बागायतदार चार लग्नांत मिरवी, मग एक टायर बसे, मग गाडी गोठ्यात जाई आणि म्हशीची शेजारीण होई. नव्वदनंतर रस्त्यावर नव्या गुळगुळीत गाड्या दिसू लागल्या तशी लोकांनी ही जुनी धुडं भंगारात काढायचा सपाटा लावला. साडूंना ते बघवेना. त्यातही त्यांची एक खास निवड होती. ही गाडी पुढे सगळी पोलादी पत्र्याची निघाली, पण कारखान्यात पत्रा दाबायची यंत्रं बसायच्या आधी अगदी मोजक्या गाड्या हाताने ठोकून केल्या होत्या. आत लाकडाची चौकट आणि वर ॲल्युमिनियमचा पत्रा. साडूंना यातली हवी होती. पोलादी निघाली की ते "छान आहे" म्हणत, पण दुसऱ्याच्या मुलाचे मार्क ऐकून म्हणावं तसं.

तपासणीची हत्यारं दवाखान्यातलीच. दाढेमागे बघायचा दांडीचा आरसा ते इंजिनाच्या फटीत घालून चासीवरचा नंबर वाचत. त्याच दांडीने मडगार्ड ठोकून, कान लावून, डोळे मिटून ऐकत. एका गाडीच्या मालकाला तर बॉनेट उघडायला सांगताना "आ करा" म्हणाले आणि त्या भल्या माणसाने स्वतःचं तोंड उघडलं. जोडीला जुन्या रेडिओच्या कर्ण्यातलं एक चुंबक असे. रंगाला ओरखडा नको म्हणून मेहुणीबाईंच्या ब्लाउजपिसात शिवलेलं. ते पोलादाला चिकटतं, ॲल्युमिनियमवरून घसरतं. पण सवय इतकी वाईट की लग्नात जेवायला बसले तरी आधी ताटाला चुंबक लावून बघत, आणि वाढपी मठ्ठा घेऊन ताटकळत राही.

गाड्यांची खबर मिळे पेशंटांकडून. दिल्ली दरवाज्याजवळच्या त्यांच्या खुर्चीत माणूस बसला, तोंडात कापूस आणि दोन हत्यारं गेली, की साडू विचारणार, "गाव कुठलं? तिकडे कुणाच्या गोठ्यात जुनी गाडी वगैरे?" उत्तर देणं शक्य नसल्याने माणसं हातवारे करत. त्या हातवाऱ्यांचा अर्थ लावण्यात साडू इतके तयार झाले होते की अकोले तालुक्यातला एक मास्तर दाढ भरून उठला तेव्हा साडूंनी भंडारदऱ्याच्या रस्त्यावरल्या एका वाडीचा कागदावर नकाशा काढलेला होता. तिथे पोचल्यावर गाडी नव्हती, रहाटाची विहीर होती. "मास्तरांचे हात फार अलंकारिक," एवढंच साडू म्हणाले.

इतकी गाड्यांची माहिती आणि घरी एकही गाडी का नाही, तर साडूंना गप्प बसता येत नसे. खरेदीला गेल्यावर मालाला नावं ठेवायची असतात, हे भाजी घेणाऱ्या लहान पोरालाही कळतं. साडू मात्र मालकाला ओट्यावर बसवून त्याच्या गाडीची थोरवी समजावून देत. श्रीरामपूरकडल्या एका उसवाल्याला त्यांनी स्टिअरिंगचं लाकूड मूळचं कसं हे इतकं रंगवून सांगितलं की त्याने चाक काढून दिवाणखान्यात देवांच्या तसबिरींशेजारी टांगलं. मी एसटीत बसल्यावर डोकं धरायचो. "डॉक्टर, सौदा होईपर्यंत तरी तोंड बंद ठेवत जा." त्यावर ते म्हणत, "साडू, मी आयुष्यभर लोकांना तोंड उघडा म्हणत आलोय. हे जमायचं नाही."

मग एका शनिवारी सकाळी सोनईकडचा एक पेशंट आला. त्याच्या चुलत्याकडे, शिंगणापूरच्या अलीकडच्या वस्तीवर, लांब नाकाची गाडी होती आणि रविवारी दिवस उगवताच भंगारवाल्याचा टेम्पो तिला न्यायला येणार होता. साडूंनी बाहेर बसलेल्या सगळ्या पेशंटांना लवंगा वाटल्या, दवाखान्याला कुलूप लावलं आणि मला घरातून उचललं. दुपारी आम्ही वस्तीवर पोचलो. मालक म्हणजे साठीचे अण्णा, अंगात बंडी, बोलणं सावकाश. गाडी शेडमध्ये कांद्याच्या गोण्यांखाली होती. गोण्या हलवल्या, साडू आरसा घेऊन आत शिरले, आणि बराच वेळ त्यांचे नुसते पाय दिसत राहिले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळाला घाम होता आणि तोंडातून शब्द नव्हता. मी ओळखलं. पंधरा-वीस वर्षं जिला शोधत होते, ती हीच.

"आम्ही घेतो," मी घाईने म्हणालो. साडूंनी तोंड उघडायच्या आत व्यवहार उरकायचा होता.

"घ्या की," अण्णा म्हणाले. "भंगारवाल्यापरीस तुमी बरं. पन आज शनवार. शनवारी लोखंड घ्यायचं न्हाई, द्यायचं न्हाई. देवाच्या दारात ऱ्हातो आमी."

"मग उद्या येतो."

"उद्या टेम्पो येतोय. त्याला शबुद दिलाय. उद्या गाडी माझ्याकडं आसली तर त्याची. आज गेली आसती तर शबुद मोडला आसं झालं नस्तं. पन आज शनवार."

या तर्काला कुठूनच फट नव्हती. पळवाट एकच होती आणि ती साडूंच्या खिशात होती. मी त्यांचा दंड धरला. कानात सांगितलं, लोखंड नाही एवढंच दाखवा, पुढे एक अक्षर बोलू नका. त्यांनी मान हलवली. खिशातून चुंबक काढून गाडीच्या दाराला लावलं. घसरून खाली पडलं. बॉनेटला लावलं, पडलं. मग अण्णांच्या विळ्याला लावलं, तिथे गच्च बसलं.

"आयला," अण्णा म्हणाले. "मंग ही हाय कशाची? भगुन्या-पातेल्याची?"

एवढं पुरलं. साडू गोणीवर बसले आणि सांगू लागले. यंत्रं यायच्या आधीचा कारखाना, लाकडी चौकट, हातोडीने घडवलेला पत्रा, अशा गाड्या जगात किती थोड्या उरल्या, सगळं. मी शेडबाहेर जाऊन मका बघत उभा राहिलो.

साडूंचं संपल्यावर मी परत आलो, तोवर अण्णा उठून शेडच्या दारात आले होते. मग घराकडे तोंड करून म्हणाले, "आगं, ऐकलं का? आबा म्हनायचं ते खरं हुतं." आणि आमच्याकडे वळून, "आमचा म्हातारा मरस्तोवर सांगत हुता, ही गाडी येगळी हाय, हिला इकू नका. आमी समदी हसायचो. म्हनायचो, फेकतंय म्हातारं." त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने बॉनेटवरची कांद्याची टरफलं झटकली. "आता कशी देऊ, डाक्टर? तुमीच सांगा."

"देऊ नका," साडू म्हणाले.

टेम्पोवाल्याला शब्द दिला होता लोखंडाचा, आणि गाडी लोखंडाची तर नव्हतीच, म्हणून अण्णांच्या हिशेबाने तोही शब्द मोडला नाही. परतीच्या एसटीत मी साडूंना फार बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. घोडेगाव गेल्यावर म्हणाले, "कुठला दात किडलाय आणि कुठला चांगला, हे ज्याचं तोंड त्याला सांगितल्याशिवाय मी कधी काढला नाही. इथेच कसा काढू?"

पुढे दर महिन्याला ते वस्तीवर जात. पुण्याहून सुटे भाग मागवून देत, नगरचा एक मिस्तरी सोबत नेत. दोनेक वर्षांनी एका संध्याकाळी दवाखान्यासमोर ती गाडी येऊन थांबली. अण्णा पांढराशुभ्र फेटा बांधून आले होते. साडूंना शेजारी बसवून त्यांनी किल्ल्याला वळसा घालून आणलं, परत दारात उभी केली, आणि खाली उतरून किल्ली पुढे धरली. "आता तुमी चालवा."

साडू जागचे हलले नाहीत. "मला येत नाही," ते म्हणाले.

इतकी वर्षं मी त्यांच्याबरोबर हिंडलो, आणि हे विचारायचं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. अण्णांनी किल्ली धरलेला हात खाली घेतला. "आन् त्या दिशी दिली आसती, तर केलं काय आसतं हिचं?"

साडूंनी बॉनेटकडे पाहिलं.

"पाहिली असती," ते म्हणाले. "रोज."

अण्णा पुन्हा चाकामागे बसले, पण गाडी लगेच सुरू केली नाही. अंधार पडून समोरचं बॉनेट दिसेनासं होईपर्यंत ते दोघं तसेच बसून होते.