उलट्या तारा

मुलांनो, राजापेठेत आपल्या वरच्या मजल्यावर राहणारा तो गिटारवाला तुम्ही पाहिला नाहीत. फार कर्कश संगीत वाजवायचा. आवाज बदलणारे पेडल त्याने एका फळीवर ओळीने बसवले होते आणि त्यांवर पाय ठेवण्याआधी तो चप्पल काढायचा.

कापसाच्या त्या पडत्या वर्षांत त्याच्यासोबत गिटार वाजवणारा अकोल्याचा जोडीदार सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात कामाला लागला आणि यंत्रात डाव्या हाताची दोन बोटं गमावून बसला. एका दुपारी तो आपली गिटार घेऊन आला. मी पाण्याची वेळ सांगायला वर गेले होते.

"ठेवून घे तूच. मले आता काय कामाची?"

"अंगठा अन् पहिलं बोट आहे ना? तारा छेडाचं पिक धरायले तेवढंच लागते."

"अन् तारा कोन दाबीन, तुहा बाप?"

"तुहा उजवा हात. रिकामाच तं आहे."

गिटारवाल्याने तारा काढल्या, त्या बसतात त्या खाचा कानशीने नव्याने घासल्या आणि तारा उलट क्रमाने चढवल्या. सांत्वनाचा एक शब्द नाही. मला तो निष्ठुर वाटला. मित्राने वाजवलेला पहिला सूर बेसूर निघाला.

"पुन्हा," तो म्हणाला. असं कितीदा तरी म्हणाला.

दिवेलागणीला मित्र अकोल्याच्या बसकडे निघाला, तेव्हा गिटार त्याच्याच पाठीवर होती.