ओस दारांवरची नावं

एर्सिलिया बुगेन्यो हट्टी बाई आहे, हे आमच्या बंदरात कुणीही सांगेल. सांता एल्मिरा या वाळवंटातल्या, खतासाठी लागणाऱ्या सोऱ्याच्या खाणीवरच्या गावात तिने अठरा वर्षं पाव भाजले. खाण बंद पडली, गाव उठलं, तशी आम्हा सगळ्यांबरोबर तीही इथे आली आणि साठीत तिने ब्रश हातात धरला. चित्रं काढायची ती फक्त त्या ओसाड गावाची, तीही तिथल्याच घरांच्या गंजक्या पत्र्यांवर. छप्पर नाही, दारांची लाकडं लोकांनी नेलेली, खोल्यांत वाळू. दिसेल तसं काढायची.

दर नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, आम्ही तिथल्या कबरींवर पत्र्याची फुलं वाहायला जातो. खरी फुलं त्या उन्हात तासभरही टिकत नाहीत. तेव्हा म्हातारे तिला टोमणे मारायचे. दोरीवर चार कपडे दाखव, निदान एखादं कुत्रं तरी. ती म्हणायची, जे तिथे नाही ते मी काढणार नाही. चित्राला कुणी हात लावलेला तिला खपत नसे. मी एकदा बोट टेकवलं, तर फडक्याचा फटका खाल्ला.

यंदा तांब्याच्या नव्या खाणीवाल्यांनी आपला राडारोडा सांता एल्मिरावर टाकायचं ठरवलं, कबरींसकट. बंदरातल्या हॉलमध्ये सभा बोलावून त्यांच्या साहेबांनी नकाशा लावला. गावाच्या जागी लिहिलं होतं, 'मोकळी जमीन'. घराचा कागद आहे का कुणाकडे, त्यांनी विचारलं. कुठून असणार? घरं जुन्या सोरा-कंपनीची, आम्ही नुसते जन्मलो आणि मेलो तिथे. सगळे माना खाली घालून बसले. संताप आला तरी मीही.

एर्सिलियाने आपला सगळ्यात मोठा पत्रा आणवून नकाशापुढे उभा केला. त्यावर ओस दारांच्या रांगाच रांगा. तिने ब्रश शेजारच्या ओनोरिंदाच्या हातात दिला.

"तुझं दार कुठलं गं? नाव लिही."

"अगं, चित्र बिघडेल."

"बिघडू दे."

मग एकेक जण उठला. एका दारावरून दोन म्हातारे हमरीतुमरीवर आले. शेवटी दोघांनीही लिहिलं. कुणी तिथेच पुरलेल्या लेकराचं नाव लिहिलं. दारं भरली, भिंती भरल्या, नावं वर आभाळात गेली.

साहेब म्हणाले, भावना समजतात, पण कायद्याने याला किंमत नाही.

एर्सिलियाने ब्रश त्यांच्यापुढे धरला. "नसू दे. तुमचे ते दोन शब्द लिहा यावर. जागा सापडली तर."

त्यांनी ब्रश घेतला नाही. आम्हीही हॉल सोडला नाही.