हबीबचाचांचं अर्धं खोकं

आता काटकसरीचा विषय तुम्हीच काढलात, तर माझी फजिती ऐकाच. पण आधी ते दार लोटून घ्या, आत निर्मला आहे. तिला सगळं माहीत आहे हो, पण ती मध्येच बोलते आणि माझी उरलीसुरली लाजही जाते.

सत्त्याण्णव साल असेल. रेल्वेच्या नोकरीनं मला साताऱ्याहून उचलून थेट काशीत नेऊन टाकलं होतं. नवं लग्न, पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत एका मराठी भटजींकडे भाड्याच्या दोन खोल्या. निर्मला एम. ए. करत होती, ते पुरं होईपर्यंत पाळणा नको असं आमचं ठरलेलं. आणि तिला एक बनारसी शालू घ्यायचा, हेही ठरलेलं. काशीत राहून पोरीच्या अंगावर बनारसी नाही, असं सासूबाई प्रत्येक पत्रात लिहायच्या. माझा पगार असा, की शालूच्या दुकानावरून जाताना मी समोरच्या भिंतीकडे बघत चालायचो.

मग काय, काटकसर! साबण ठोक, चहा ठोक, काडेपेट्या ठोक. म्हटलं, मग निरोध तरी सुटे कशाला घ्या? शिवाय गल्लीतल्या औषधवाल्याकडे मागायची सोय नव्हती. तो भटजींचा यजमान. मी सकाळी पुडी घेतली असती, तर दुपारपर्यंत घरमालकीण काकूंना खबर लागली असती.

म्हणून गेलो लांब, विणकरांच्या मोहल्ल्यात. तिथं ठोक भावाचं एक दुकान होतं. ओळखीचं कुणी नाही ना, हे बघत मी कोपऱ्यात घाम पुसत उभा. तेवढ्यात सत्तरीचे एक आजोबा आले. पांढरी दाढी, लुंगी, तोंडात दात मोजकेच. आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "एक पेटी निरोध देना भाई, पिछली वाली खतम हो गयी."

पेटी! अख्खं खोकं हो! दुकानदारानं विचारलं, इतक्यात संपली? तर आजोबा शांतपणे सांगतात, काय करणार, लग्नसराई आहे, दिवसरात्र चालू आहे.

तुम्हाला सांगतो, मी घाम पुसायचाच विसरलो. काशीत मी योगी पाहिले, साधू पाहिले, ऐन थंडीत गंगेत उभे राहून जप करणारे पाहिले. पण असा पुरुष पाहिला नव्हता. मनातल्या मनात मी त्यांना दंडवत घातला.

दुकानदार खोकं फोडून द्यायला तयार नाही, आणि माझ्या खिशात पैसे जेमतेम अर्ध्याचे. तेव्हा आजोबाच म्हणाले, चला, अर्धं अर्धं करू. नाव विचारलं तर हबीबचाचा. घरात साड्या विणतात म्हणाले, कधी या. एवढा मोठा माणूस, पण गर्व म्हणून नाही. मी माझा वाटा पिशवीत भरला, वर कोथिंबिरीची जुडी ठेवली आणि घरी आलो.

निर्मलानं पिशवीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "अहो, माझी परीक्षा आहे."

एवढंच. मी मात्र पुढं कितीतरी दिवस चाचांचंच बोलत होतो. ते काय खात असतील, किती जोर काढत असतील, काही म्हणून विचारायचं ठेवलं नाही.

परीक्षा संपली. शालूसाठी थोडेफार पैसे जमले होते, पण बाजारातला भाव ऐकून निर्मलाचं तोंड उतरलं. मी म्हटलं, चाचांकडूनच घेऊ, स्वस्त पडेल. खरं म्हणजे मला त्यांचं पुन्हा दर्शन हवं होतं.

गेलो पेढे घेऊन. अंधाऱ्या खोलीत चार माग खडखडत होते. चाचांनी एक शालू उलगडला. जांभळं रेशीम, त्यावर जरीच्या बारीक वेली, पदरावर तर बोट ठेवायला जागा नाही. निर्मलानं आधी हात पुसले, मगच रेशमाला बोट लावलं. माणसाच्या हातून असं काही होतं, यावर विश्वास बसत नव्हता.

आणि तेवढ्यात मागावरच्या एकानं दातानं एक पुडी फाडली, आतला निरोध आडवं सूत नेणाऱ्या धोट्यावर खसाखसा चोळला आणि दिला फेकून. धोटा सरसर पळायला लागला. चाचा म्हणाले, तेल लावलं तर रेशमावर डाग पडतो, याच्या वंगणानं पडत नाही. लग्नसराईत खोकीच्या खोकी लागतात.

मी त्या धोट्याकडे बघतच राहिलो. एवढे दिवस ज्याला मनातून लोटांगणं घातली, ते तेज हे! निर्मलानं तोंडात पदर कोंबला होता.

इथवर ठीक होतं. पण चाचांनी सहज विचारलं, "बाबू, आपके यहाँ कितने करघे चलते हैं?"

म्हटलं, माग कुठला, मी तर रेल्वेत आहे.

एकेक करून चारही माग थांबले. चाचांनी माझ्याकडे पाहिलं, मग निर्मलाकडे फार काळजीनं पाहिलं. मग ते उठले आणि स्वतःची गादी झटकून मला तिच्यावर बसवलं. कुणी तरी पाणी आणलं, कुणी पंखा माझ्याकडे वळवला. सगळे असे बघत होते, की काय सांगू!

आणि मी? मी छाती काढून बसलो. म्हटलं, होऊ दे गैरसमज, आपलं काय जातंय?

पण निर्मला! तिला खोटं म्हणून खपत नाही. घाईघाईनं म्हणाली, "नहीं नहीं चाचा, सब वैसे ही पड़ा है. मुश्किल से एक पैकेट खुला है."

माग पुन्हा सुरू झाले. चाचांनी मायेनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तो बाबू, हमको दे दीजिए. यहाँ काम आ जाएगा. साड़ी के दाम में से काट लेंगे."

असा शालू आला. सासूबाई खूश झाल्या. आजही हळदीकुंकवाला बायका तो पदर हातात घेऊन किंमत विचारतात, आणि निर्मला सरळ सांगते, "फार नाही पडली हो. ह्यांच्याच्यानं काही संपत नव्हतं, ते दिलं बदल्यात."